कापसाची ऊब

दसरा गेला की जालन्यात आमच्या घरासमोरचा रस्ता कडेकडेनं पांढरा व्हायला लागतो. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात, ताडपत्रीखालून पुंजके गळतात आणि बाभळीच्या काट्यांना, दुकानांच्या पाट्यांना अडकून बसतात. शेजारच्या बाई पुण्याकडच्या आहेत. त्या दर वर्षी म्हणतात, "काय छान दिसतं ना हे!" मीही दर वर्षी हो म्हणते. खरं तर कापूस दिसायला लागला की मी घरात कमी बोलते. घरच्यांना वाटतं मला कापसाच्या धुळीचा त्रास होतो. तोही होतोच, त्यामुळे कोणी फार खोलात शिरत नाही.

यंदा त्यात आणखी भर पडली. शाळेतून दुपारी घरी आले तर माझी नववीतली मुलगी पुस्तक मांडीवर आणि डोळे टीव्हीवर अशी बसलेली. केबलवर हल्ली कुठल्याशा वाहिनीवर जुन्या मालिका पुन्हा दाखवतात. पडद्यावर एक बाई पोलीस चौकीच्या बाकावर बसली होती, हातात लहान मुलाचा एकच बूट. चपला काढता काढता मी तिला ओळखलं. "आई, ही बाई किती छान रडते गं," मुलगी म्हणाली. मी टीव्ही बंद केला आणि अभ्यासावरून तिला नको तितकं बोलले. ती बिचारी बघतच राहिली. गुन्हा तिचा नव्हता, पण मास्तरणीच्या जातीला राग काढायला पोर लागतंच.

ती मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा मी अठरा वर्षांची होते. तीर्थपुरीच्या बाजाराला पायी जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. गल्लीत टीव्ही एकच, आमचा. मालिका तेरा भागांची, दर मंगळवारी दुपारी तीन वाजता. एका शहरात एका बाईचा सात वर्षांचा मुलगा मारला जातो, पोलीस फाईल बंद करतात, आणि ती एकटी गुन्हेगार शोधत हिंडते. दर भागात संशय नव्या माणसावर. मालिकेला एक भारदस्त हिंदी नाव होतं. आमच्या गल्लीनं ते पहिल्याच मंगळवारी रद्द करून 'आईची शिरेल' असं ठेवलं.

कापसाचे दिवस होते ते. त्या काळी भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवायचे. आमची बैठकीची खोली दिवाळीनंतर माणसांची उरायचीच नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत कापूस, खिडकीच्या वर गेलेला, आणि एका कोपऱ्यात लोखंडी स्टुलावर टीव्ही. बाया त्या ढिगावरच बसायच्या, बसल्या की कमरेपर्यंत आत. खोलीत सरकीचा तेलकट वास यायचा. आवाज कापूस पिऊन टाकायचा, म्हणून टीव्ही मोठा लावावा लागे. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. पण खोली उबदार असायची. भर थंडीत त्या ढिगात लेकरं शिरली की क्षणात झोपायची, आणि उठवलं की त्यांच्या पाठी भाकरीसारख्या ऊन लागायच्या. कापसाची ऊब आम्हाला जन्मापासून ठाऊक. हे मुद्दाम सांगून ठेवते.

मंगळवारी वेचणीला वेग यायचा. एरवी दव सुकल्याशिवाय ओळीत न शिरणाऱ्या बाया मंगळवारी सकाळीच कमरेला ओटी बांधून तयार. दादा, म्हणजे माझे वडील, कुरकुर करायचे, "आता काय शिरेलीच्या टायमावर कापूस फुटंल का?" पण तेच पावणेतीनला ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे, कारण लाईटचा भरवसा नव्हता. बाया येताना डोक्यात पुंजके, बोटांना बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेलं. हातातोंडावर पाणी मारून बसायच्या. मग अर्धा तास कोणी कोणाचं नसायचं.

मी बारावी होऊन घरी बसलेली. स्थळं बघणं चालू होतं. हिंदी बोलणं बायांना कळत होतंच, आमच्याकडं हिंदी काही परकी नाही. पण पोलिसांचं, कोर्टाचं बोलणं मी फोडून सांगायची. शिवाय पुढं संशय कोणावर जाईल ते आधीच ओळखायची. चौथ्या भागात मी म्हटलेलं सहाव्यात खरं निघालं आणि माझं नाव 'वकीलीण' पडलं. पलीकडच्या पारूमावशी तर घरात चमचा हरवला तरी हाक मारायच्या, "वकीलीण, ये वं जल्दी, तपास कर." मी हसायची, आणि जायची. अठराव्या वर्षी माणसाला आपण हुशार आहोत असं कोणी म्हणालं की बाकी काही ऐकू येत नाही.

इंदूवहिनी आमच्या भिंतीला भिंत असलेल्या घरातल्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. पोरगी बबी चार वर्षांची, तिच्यामागे एक तान्हा. सासू गयाआत्या करारी. त्यांच्या नजरेनं दूध नासायचं असं पारूमावशी म्हणायच्या. वहिनींना आठवड्यातून एकदा जो काही अर्धा तास मिळायचा तो हाच. तान्ह्याला सासूपाशी निजवून, बबीला काखेत घेऊन त्या यायच्या आणि ढिगाच्या कडेला, दाराजवळ बसायच्या, हाक आली तर पटकन उठता यावं म्हणून. पडद्यावरच्या आईच्या सगळ्यात जवळ गल्लीत कोण असेल तर त्या. तिच्या मागं कोणी लागलं की त्या पुटपुटायच्या, "मागं बघ वं बाई, मागं बघ."

नववा भाग होता. बबी आल्या आल्या कापसात शिरून झोपली. एरवी ती ढिगावरून घसरगुंडी खेळायची आणि टीव्हीपुढं आली म्हणून बायांच्या शिव्या खायची. भाग अर्ध्यावर आला तशी वहिनींची चुळबुळ सुरू झाली. एक डोळा पडद्यावर, एक हात मागं पोरीच्या अंगावर.

"सुमन, हिचं अंग तापलंय का काय वं? सकाळधरनं किरकिर करून राह्यली ही. मी जाते घरी."

पडद्यावर ती आई एका बंद गोदामाच्या दारापर्यंत पोचली होती. वहिनी उठल्या असत्या तर ढिगावरून वाट काढताना चार जणींना सरकावं लागलं असतं, टीव्ही झाकला गेला असता. मी वाकून बबीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "कापसाची ऊब हाय वहिनी ती. बसा, आता उघडं पडतंय."

वहिनी बसल्या. भागाच्या शेवटी गोदामात काहीच सापडलं नाही.

त्या रात्री ताप चढला. सकाळी ट्रॅक्टरवरून तीर्थपुरीला नेलं, तिथून जीप करून जालन्याला. डॉक्टर म्हणाले ताप मेंदूत गेला. शुक्रवारी दुपारी जीप परत आली ती हळू आली. आमच्याकडं गल्लीच्या तोंडाशी जीप हळू झाली की बाया समजून घेतात. लहान लेकरू, माती दिली. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या, मांडीवर बबीचा निळा फ्रॉक, आणि त्या फ्रॉकला चिकटलेला कापूस एकेक तंतू करून काढत होत्या. डोळ्यांत पाणी नाही. काढलेले तंतू त्या पदरात ठेवत होत्या. मी दोन हातांवर होते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. माती झालेल्या घरी चूल पेटत नाही. घरोघरून भाकरी-पिठलं जातं. आणि गल्लीत टीव्ही-रेडिओ लागत नाही. लहान लेकराचं सुतक थोडं, पण माय म्हणाली, "येता मंगळवार टीव्ही लावायचा न्हाई. भिंतीपलीकडं लेकरू गेलंय." बरोबर होतं तिचं. चूक झाली ती वेगळीच. मंगळवारी पावणेतीन वाजले आणि बाया सवयीनं आल्या. कोणालाच काही वाटलं नाही. टीव्हीवर मायनं एक चादर टाकून ठेवली होती. तिच्यासमोर सगळ्या कापसात बसल्या, आपापल्या जागी. दाराजवळची जागा रिकामी.

आणि अर्धा तास भरून काढायचा होता.

"रडली सुदीक न्हाई वं ती," कोणी म्हणालं. पारूमावशींनी चुकचुक केली, "त्या शिरेलीतली बघा, पोराचा बूट बघितला की कशी पाझरती. अन् हिच्या डोळ्याला टिपूस न्हाई." दुःखी आई कशी दिसते हे आम्ही नऊ मंगळवार शिकलो होतो. पदर कसा धरते, भिंतीला कशी टेकते, आसू गालावर कुठपर्यंत येतो. इंदूवहिनी त्यातलं काहीच करत नव्हत्या. फ्रॉकवरचा कापूस निवडणारी आई आम्ही कुठं पाहिली नव्हती.

मग बोलणं सरकत गेलं. ताप कधी आला? कोणाची दीठ लागली का? गयाआत्या तर म्हणतात बुधवारी सकाळीच कळलं. एवढ्या जल्दी कसं काय? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. पारूमावशी म्हणाल्या, "वकीलीण, तुला काय वाटतं?"

मला तो क्षण अजून अंगाला चिकटल्यासारखा आठवतो. मी थोडी सरसावून बसले. आणि म्हणाले, "मंगळवारीच अंग तापलं होतं तिचं. इथंच. वहिनी स्वतः म्हणल्या मला. अन् तरी शेवटपर्यंत बसल्या."

खोली गप्प झाली. एखाद्या भागाच्या शेवटी व्हायची तशीच. आणि खोटं कशाला बोलू, त्या शांततेत मला क्षणभर बरं वाटलं. आपल्याला धागा सापडला, असं. पारूमावशींनी गालाला बोट लावलं. "आगं माय."

मी बोलले ते शब्दाशब्दानं खरं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, आणि वहिनी बसल्या होत्या. मधलं माझं वाक्य तेवढं मी गाळलं. पोलिसांना जबाब देणारे लोक कसे अर्धं सांगतात हे आम्ही दर मंगळवारी बघत होतो आणि त्यांना नावं ठेवत होतो.

गल्लीत शब्दाला पाय फुटायला वेळ लागत नाही. दिवेलागणीला मी भाकरीचं टोपलं घेऊन त्यांच्या दारात गेले तर गयाआत्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "शिरेल पाहत बसली भवानी, अन् माझी नात घालवली." वहिनी कोपऱ्यात तान्ह्याला पाजत होत्या. मी टोपलं ठेवलं. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं आता त्या बोलतील. तोंड उघडायचा अवकाश होता: ही म्हणाली बसा. तीन शब्द.  "पिठलं सांडंल, नीट ठिव," एवढंच म्हणाल्या. मी घरी येऊन जेवले. जेवले, हे आठवलं की आजही घास नको होतो.

पुढच्या मंगळवारी टीव्ही लागला. आधी आवाज बारीक ठेवला, पण कापूस आवाज खातो, मग हळूहळू नेहमीएवढा झाला. वहिनी पुन्हा आमच्या घरात आल्या नाहीत. मंगळवारी त्या वेचणी नसली तरी रानात जायच्या. तिसऱ्या वेचणीनंतर रानात उरतं काय, नुसती कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि बोंडांची वाळलेली नखं. तरी जायच्या. तेराव्या भागात गुन्हेगार सापडला. दीर निघाला तो, जमिनीपायी. पडद्यावरची आई त्याच्यासमोर उभी राहून रडली आणि आमच्या खोलीत एकूण एक बाईनं डोळ्यांना पदर लावला. मीही. भिंतीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं.

त्या मालिकेतल्या बाईला गुन्हेगार होता, हे मला आता तिचं मोठं नशीब वाटतं. तापाला चेहरा नसतो. बबीच्या मरणाला धरायला कोणी हवं होतं, आणि मी गल्लीला एक धरून दिलं.

त्याच हंगामात इंदूवहिनींना 'शिरेलवाली' नाव पडलं. गावाला नाव ठेवायला वेळ लागत नाही आणि पुसायला पिढी जाते. पाणवठ्यावर, गिरणीत, बाजाराच्या वाटेवर: "ती न्हाई का, शिरेलवाली." पुढं जन्मलेल्या पोरांना वाटायचं हिला टीव्हीचं वेड असेल. दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. हळद दळायला जात्यापाशी सवाष्णी बसल्या तेव्हा गयाआत्यांनी सुनेला पुढं येऊ दिलं नाही. मी बघत होते. मी नवरी होते, नवरीचा शब्द त्या दिवशी कोणी मोडत नाही. मी "वहिनींना बोलवा" म्हणू शकले असते. त्या मागच्या अंगणात वांगी चिरत बसल्या. सासरी निघताना त्या एकट्याच जवळ आल्या, ओल्या हातानं माझी हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "बराबर नांद."

जालन्यात आले, डी.एड. झालं, शाळेत लागले. वर्गात एखादं लेकरू मलूल दिसलं की मी लगेच कपाळाला हात लावते. सहकारी बाई चेष्टा करतात, "तुमचा हात म्हणजे थर्मामीटर." मुलांना जरा कणकण असली तरी मी घरी पाठवते. मुख्याध्यापक म्हणतात अशानं पटावर पोरं दिसायची नाहीत. माझ्या मुलीला लहानपणी एकदाही कापसात झोपू दिलं नाही. हे सगळं करून काही फिटत नाही, हे कळायला शाळेत शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी मुलीवर चिडल्यानंतर दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. रविवारी गावी गेले. माय म्हणाली, "अशी अचानक?" मी म्हटलं, आले सहज. इंदूवहिनी घरी नव्हत्या. गयाआत्या जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनींचा तो तान्हा आता दाढी ठेवतो. त्यानं सांगितलं, माय कालव्याकडच्या रानात हाय.

त्या एकट्याच वेचत होत्या. ऊन कलतं झालेलं. कमरेला ओटी, पोट आल्यासारखी भरलेली. मला बघून हसल्या. "कवा आल्तीस?" हात थांबले नाहीत. मी बांधावर उभी राहिले, मग चपला काढून शेजारच्या ओळीत शिरले. काय बोलायचं ते मी बसमध्ये शहाण्यासारखं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी मी म्हणले होते बसा म्हणून. बबीला घेऊन तुम्ही उठत होतात. मी बसवलं."

"मला म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "मी काय इसरले का?"

"मंग सांगितलं का न्हाई कोणाला? आत्या एवढं बोलत होत्या. गाव बोलत होतं."

त्यांनी एक बोंड रिकामं केलं, दुसरं केलं. "तुझं लगीन व्हायचं होतं. पावणे येऊन राह्यले होते तुला बघायला. असं नाव लागलेली पोरगी कोण करतंय? माझं तर गेलंच होतं, मंग तुझं कशाला घालवायचं."

 मी ओळीतच खाली बसले. ढेकळं टोचत होती. माझं लग्न, माझी नोकरी, जालन्यातलं घर, मुलीची शाळा, सगळं या बाईच्या गप्प बसण्यावर उभं होतं, आणि मी तिच्या घरापुढून दर दिवाळीला नवी साडी नेसून गेले होते.

वहिनी जवळ आल्या. कापसाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "रडू नको उगा. लेकरू होतीस तू बी. तुला तरी काय कळणार होतं, ऊब कोणती अन् ताप कोणता." मग म्हणाल्या, "अन् आता कोणाला सांगत बसू नको. झालं ते झालं."

मला हायसं वाटलं. एवढ्या वर्षांनी कबूल करायला गेले, आणि कोणाला सांगू नको म्हणाल्यावर मला सगळ्यात आधी हायसं वाटलं. मी डोळे पुसले, त्यांच्यासोबत ती ओळ पुरी केली. बोंडांनी बोटं रक्ताळली. "सवय मोडली तुझी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. संध्याकाळच्या बसनं मी परत आले.

पण मला ऊब आणि ताप कळत नव्हतं असं त्या म्हणाल्या ते खरं नाही, आणि रानात मी ते दुरुस्त केलं नाही. तेही अर्धंच सांगून आले. म्हणून इथं लिहिते. कापसाची ऊब पाठीला असते, कुशीला असते, जो भाग आत रुतलेला असतो त्याला असते. कपाळ उघडं असतं. कापसात झोपलेल्या लेकराचं कपाळ गारच लागतं, हे त्या ढिगात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतं. मलाही होतं. बबीच्या कपाळावर मी हात ठेवला तेव्हा तो भाजला. मी तो काढून घेतला, पडद्याकडं बघितलं आणि म्हटलं, बसा.